डोळ्यांना हिरवं

जेवणाची सुट्टी संपतासंपता डॉक्टरांचा माणूस दात परत घेऊन आला. दात म्हणजे कॅप, वरच्या ओळीतल्या समोरच्या दाताची. दातांच्या लॅबमध्ये माल परत येण्यात आभाळ कोसळण्यासारखं काही नसतं. कुठे चावताना उंच लागतं, कुठे कड टोचते, कुठे पेशंटला आरशात स्वतःचंच तोंड आवडत नाही आणि तो खापर आमच्यावर फोडतो. पण रंग जुळत नाही म्हणून माझ्या हातचं काम परत आलेलं मला आठवत नाही. मी इथे लागले तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं आणि आता मुलगी शिकायला दुसऱ्या गावी राहते, म्हणजे किती वर्षं झाली ते बघा. रंगाला अवघड दात आला की बाकीचे तो गुपचूप माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्यामुळे पाकीट माझ्यापुढे पडलं तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुंगी (ती सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते म्हणून मुंगी) हातातलं मेण तसंच धरून म्हणाली, "ताई, तुमचं? रंगासाठी?" मग तिने पाकिटावरचं नाव वाचलं आणि जीभ चावली. नाव माझ्या नवऱ्याचं होतं.

मी कॅप उचलून खिडकीशी गेले. आमच्याकडे रंग ट्यूबच्या उजेडात बघत नाहीत, खिडकीशी जाऊनच बघतात. लॅबचे मालक, ज्यांना आम्ही सगळे तोंडावर म्हातारे म्हणतो आणि जे त्यावर खूश असतात, त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की रंग एका श्वासात ठरवायचा. बघितला की ठरला. दुसरा श्वास घेईपर्यंत बघत बसलीस तर डोळा थकतो, आणि थकलेला डोळा खोटं बोलतो. मग नजर काढायची, राखाडी कागदाकडे बघायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी जन्मभर तसंच केलं. दातांचंच नाही, कपड्यांचं, भाड्याच्या घरांचं, माणसांचंही. पण या कॅपचा रंग मी नवऱ्याच्या तोंडात बघून ठरवलाच नव्हता. एरवी डॉक्टर रंग लिहून पाठवतात. या वेळी मीच फोन करून त्यांना म्हटलं होतं, रंगाचं राहू द्या हो, घरचंच माणूस आहे. डॉक्टर हसले, म्हणाले, तुम्हाला आम्ही काय सांगायचं. मी आठवणीने कॅप केली. आता ती खिडकीत धरली आणि पहिल्याच श्वासात कळलं. काम स्वच्छ होतं, कुठे नाव ठेवायला जागा नव्हती, पण रंग फार उजळ होता. आणि ओळखीचा होता. दात माझ्या नवऱ्याचाच होता, फक्त आमच्या लग्नाच्या आधीचा.

तेव्हा तो वजनकाटे तपासणाऱ्या खात्यात नवीन लागला होता. लाकडी पेटीत मखमलीवर ठेवलेली पितळी वजनं घेऊन दुकानादुकानांतून फिरायचा. धातू तोलायचा आमचा लहानसा काटा तपासायला आला आणि त्याने काट्यात केसभर खोट काढली. म्हातारे तेव्हा म्हातारे नव्हते. ते असे काही भडकले की मला वाटलं आता पेटी खिडकीबाहेर जाते. तर हा शांतपणे वजनं पुसत राहिला आणि मग हसला. मी कामाला नवी होते, दिसेल त्याचे दात बघायचे. एका श्वासात दाताचा रंग ठरला, आणि त्याच श्वासात बाकीचंही ठरलं. नाकासमोर चालणारा, मोजून बोलणारा, कुणाचं गुंजभर ठेवायचं नाही आणि आपलं सोडायचं नाही असा माणूस. तो रंग डोक्यात बसला तो बसलाच. मधल्या काळात त्याच्या दातांनी किती चहा पाहिला, किती सिगारेटी ओढल्या आणि सोडल्या, याचा हिशेब माझ्या डोळ्यांनी ठेवलाच नाही. आणि मी रोज त्या दातांसमोर बसून चहा पीत होते.

"किती वर्षांपूर्वीचा नवरा आठवलास गं?" म्हातारे मागून म्हणाले, आणि सगळी लॅब हसली. मीही हसले, हसण्यासारखंच होतं ते. पण हसताहसता मी कॅप पुन्हा खिडकीत धरली. मी त्याच्याकडे शेवटचं कधी बघितलं? रागावून, घाईत, मान वळवून बघते ते नाही. खिडकीशी उभं करून बघतात तसं. मला आठवेना. आणि गेले दोन महिने तर मी त्याच्याकडे बघायचंच टाळत होते, कारण बघितलं की भीती वाटायची.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, तुमचे मिस्टर तर म्हणत होते बसवून टाका, काय फरक पडतो. मीच नको म्हटलं. बाजूच्या दाताशेजारी बल्ब लावल्यासारखं दिसत होतं, तुमचं नाव खराब झालं असतं. पुन्हा एकदा रंग बघून घ्या ना." मी विचारलं, "तिथून कुठे जातो ते काही बोलले का?" "म्हणाले, आता वेळ आहे तर जरा जाऊन येतो." बस, एवढंच. त्याचा फोन लागला नाही. लागणार नाहीच, तिथे फोन लागत नाहीत. दुकानदाराने तराजूखाली चिकटवलेलं लोहचुंबक वासावरून हुडकणारा हा माणूस समोरच्या दाताचा रंग चुकला तरी चालेल म्हणतो, याचा अर्थ डॉक्टरांना कळणार नव्हता. मला कळत होता आणि मी ते कुणाला सांगू शकत नव्हते.

कारण सांगायचं काय? माझा नवरा झाडांत जातो. हे वाक्य मी मनातल्या मनात किती तऱ्हांनी म्हणून पाहिलं, ते कुठल्याच तऱ्हेने धड वाटत नाही. धीर करून नणंदेला सांगितलं तर तिने आवाज खाली आणून विचारलं, "बाई आहे का कोणी?" मी म्हटलं, नाही हो वन्सं. "मग दारू?" नाही. "मग तू रडतेस कशाला? माझ्या घरातला उठून एकदा जंगलात जाईल तर मी पेढे…" आणि ती आपल्याच विनोदावर हसत सुटली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा पक्षी बघतात का?" नाही. "फोटो काढतात?" नाही. "मग करतात काय?" मी म्हटलं, "जातात." ती म्हणाली, "आई, तू पण काहीतरी छंद लावून घे." बाई असती तर बरं झालं असतं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. बाई असती तर तिचे दात बघितले असते. तिच्याहून मी कुठे कमी, कुठे जास्त, ते एका श्वासात ठरलं असतं, मग रडले असते, भांडले असते, चारचौघांत त्याला अहो आणि घरात अरे म्हणते त्याच्याऐवजी चारचौघांतही अरे म्हणून त्याची लाज काढली असती. झाडांशी काय भांडणार? आणि तो तरी काय चुकीचं करत होता? साठलेली रजा होती, ती घेत होता. संध्याकाळी वेळेवर घरी येत होता. अंघोळ करून भाजी चिरायला बसत होता. पूर्वी भाजी चिरताना मी कांदा जाड चिरते म्हणून टोकायचा, आता टोकत नव्हता. काहीही पुढे ठेवलं की "छान" म्हणायचा. हातात पाण्याचा ग्लास दिला तर "थँक्यू" म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याने मला थँक्यू म्हटलं नव्हतं आणि मला त्याची उणीवही भासली नव्हती. लोक दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेल्यावर थँक्यू म्हणतात.

यात खरी मौज अशी की त्याला तिथे मीच नेलं. माझ्या डोळ्यांसाठी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मला शेजारशेजारचे रंग वेगळे दिसेनासे झाले. गुलाबी मेण, गुलाबी हिरड्या, दिवसभर बघून बघून संध्याकाळी भिंतही गुलाबी दिसायची. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, जवळचं बघून थकलेत. सुट्टीच्या दिवशी लांबचं बघा, हिरवं बघा. मी घरी येऊन म्हटलं, चल, मला हिरवं बघायचंय. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, बाग चालणार नाही का? मी म्हटलं बाग नको, बागेत ओळखीचे लोक भेटतात. शेवटच्या स्टॉपपर्यंत बसने गेलो. तिथून कारखान्याची लांब भिंत संपली की उतार लागतो, आणि उताराखाली झाडं सुरू होतात. तो सगळा रस्ता कुरकुरत आला. बूट चावतो, पाण्याची बाटली एकच का आणली, परतीची बस किती वाजता. आत शिरल्यावर ऊन एकदम मागे राहिलं, अंगावरचा घाम गार झाला, आणि मला एवढंच वाटलं की बरं झालं, टोपी विसरली ते खपून गेलं.

त्या पहिल्या दिवसातलं काय काय झालं ते मी पुन्हा पुन्हा उलगडून बघते. कुठेतरी ती जागा सापडेल जिथे तो माझ्या हातून निसटला, असं वाटतं. पायवाट अरुंद होती म्हणून मी पुढे, तो मागे. मी बोलत होते. कपडे धुवायचं मशीन पाणी गाळतं, माणसाला बोलवायला हवं, असं काहीतरी. वळणावर एक मोठं झाड आडवं पडलं होतं, त्याच्यावर शेवाळ चढलं होतं, वरच्या फांद्यांत मोकळी जागा झाली होती आणि तिथून ऊन खाली आलं होतं. मी बघितलं, म्हणजे एक श्वास. हिरवं, जरा पिवळ्याकडे झुकणारं, ठीक. आणि पुढे गेले. बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं की मागे पाऊल वाजत नाही. वळून बघते तर तो उन्हाच्या त्या तुकड्यात उभा, एक हात अर्धवट पुढे केलेला, कुणी काहीतरी धरायला सांगावं तसा. तोंड किंचित उघडं. मला वाटलं छातीत कळ आली. पिशवी टाकून मी धावले. "काय झालं? काय होतंय?" त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी कोण हे ओळखायला त्याला जरासा वेळ लागला. मग म्हणाला, "काही नाही." परत येताना बसमध्ये तो खिडकीशी बसून होता आणि आमचा स्टॉप आला तो त्याला कळला नाही. मी दंडाला धरून उठवलं. मशीनच्या माणसाला त्या आठवड्यात मीच बोलावलं.

पुढच्या दोन रविवारी मी बरोबर गेले. तो त्या पडलेल्या झाडावर बसायचा, मग उठून आत चालायचा, मग कुठेतरी उभाच राहायचा, आणि मी शेजारी. सुरुवातीला मी मनापासून बघितलं, खोटं कशाला सांगू? पण मला बघायची सवय एका श्वासाची. बघितलं, ठरलं, पुढे काय? पुढे तेच. दुसऱ्या रविवारी मी म्हटलं, "डास फार आहेत रे." त्याने मान हलवली, लगेच उठला, मला घरी घेऊन आला, आणि त्यानंतर पुन्हा कधी "येतेस का" म्हणून विचारलं नाही. "तू आराम कर," म्हणायचा. ते मला इतकं लागलं की विचारू नका. मी आराम केला. दार लावून त्याची पावलं जिन्यावरून उतरेपर्यंत ऐकायचे आणि आराम करायचे. मी एकदाही नको जाऊस म्हटलं नाही. म्हणजे काय कारण सांगून म्हणणार होते? आणि म्हटलं असतं आणि तरी तो गेला असता तर? त्यापेक्षा न म्हटलेलं बरं वाटत होतं. गेल्या आठवड्यात तो संध्याकाळी आला तेव्हा शर्टावर रक्त होतं आणि तो हसत होता. वर बघत चालताना मुळाला पाय अडकला आणि तोंडावर आपटला. वरचा दात अर्धा गेला होता. मी ओरडले, रडले, बर्फ आणला. तो म्हणत होता, "अगं, काही नाही झालं, काही नाही." मी विचारलं, "वर काय बघत होतास?" तो माझ्याकडे बघत राहिला. ओठ हलले. मी शपथेवर सांगते की त्या वेळी तो सांगणार होता. मग त्याने माझ्या हातातला बर्फ घेतला आणि म्हणाला, "थँक्यू."

म्हाताऱ्यांना सांगून मी लवकर निघाले. पर्समध्ये रंगाची पट्टी घेतली, खोट्या दातांची ओळ असते तिच्यावर, उजळापासून पिवळटापर्यंत. मनाशी म्हणत होते, रंग बघायला चालले आहे, कामाचंच आहे, डॉक्टर खोळंबलेत. बसमध्ये गर्दी नव्हती. समोरच्या सीटवर एक जोडपं आपल्या गॅसच्या शेगडीवरून कडाकडा भांडत होतं आणि मला त्यांचा इतका हेवा वाटला की मी दुसरीकडे बघितलं. शेवटचा स्टॉप, कारखान्याची भिंत, भिंतीचं ऊन अंगावर येत होतं. उतारावर चपलेत खडे गेले. आणि मग ती गार सावली. मी जरा उभी राहिले. आता एकटा तो कुठल्या बाजूने जातो ते मला ठाऊक नव्हतं, त्या रविवारनंतर मी त्याच्या मागे कधी गेलेच नव्हते. पडलेलं झाड सापडलं, तो तिथे नव्हता. मी हाक मारली. माझाच आवाज मला चारचौघांत मोठ्याने बोलल्यासारखा वाटला आणि मी पुन्हा मारली नाही. आत आत गेले. पायाखाली जुनी पानं दबत होती, कुठेतरी किड्यांची एकसारखी किरकिर चालली होती आणि मी जवळ गेले की तेवढ्यापुरती थांबत होती. मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, आणि एका बाजूने असंही वाटत होतं की तो सापडूच नये, म्हणजे धावत रस्त्यावर जाऊन लोकांना सांगता तरी येईल की काहीतरी झालंय.

तो ओढ्याशी बसला होता. ओढा म्हणजे उन्हाळ्याने आटून उरलेली पाण्याची वीतभर रेघ. दोन्ही काठांवरची झाडं वर एकमेकांत मिसळली होती. त्याने मला बघितलं आणि दचकला नाही, उठला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे बघितलं. "तू? आलीस?" तो म्हणाला. मी म्हटलं, "दात परत आला. रंग चुकला." माझा आवाज चोरी पकडायला आलेल्या माणसाचा होता. "रंग बघायचाय. तोंड उघड." त्याने शहाण्या मुलासारखं तोंड उघडलं. मी पट्टी त्याच्या ओठाशी धरली, श्वास घेतला, बघितलं. काही ठरेना. तिथला सगळा उजेड हिरवा होता. पट्टीवरचे दात हिरवट, त्याचे दात हिरवट, माझे हात हिरवट. मी नजर काढून पुन्हा बघितलं, तेच. राखाडी कागद आणला नव्हता, आणि आणला असता तर तोही हिरवा झाला असता. "इथे नाही दिसायचं," मी म्हटलं आणि पट्टी पर्समध्ये टाकली. तो म्हणाला, "बस ना जरा." मी बसले. त्याने आपल्या रुमालाने माझ्यासाठी दगड पुसला होता.

मग तो म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"तुला दिसतं का?"

काय, ते तो बोलला नाही. हाताने दाखवलंही नाही. मी विचारू शकले असते, पण विचारलं असतं तर तिथेच उत्तर दिल्यासारखं झालं असतं. मी बघायला लागले. पहिला श्वास घेतला, सोडला, आणि जन्मात पहिल्यांदा नजर काढली नाही. समोर एका खोडाची साल उभी चिरलेली होती आणि चिरांमधून मुंग्या वर जात होत्या. पानांमधून ऊन पडत होतं, त्याचे तुकडे पाण्यावर हलत होते, पाण्यावरून ते वर पानांच्या पोटाशी जाऊन हलत होते, म्हणजे वरचा उजेड खाली आणि खालचा पुन्हा वर असं चाललं होतं. एक पान गिरक्या घेत खाली आलं आणि कोळ्याच्या तंतूला अडकून मधेच लटकत राहिलं. हिरव्यात हिरवे इतके होते की माझ्या पट्टीला पुरले नसते. मी सगळं बघितलं, काही सोडलं नाही. डोळ्यांत पाणी यायला लागलं तरी पापणी लवू दिली नाही. आता उघडेल, आता उघडेल, असं म्हणत राहिले. मला त्या वेळी देवाकडे काही मागायचं असतं तर एवढंच मागितलं असतं, की याला जे दिसतं त्यातलं चिमूटभर मला दिसू दे, मग माझे डोळे गेले तरी चालतील. पण काही उघडलं नाही. झाडं होती, पाणी होतं, ऊन होतं. सुंदर होतं, मी कुठे नाही म्हणते? सुंदर होतं आणि संपलेलं होतं, आणि माझ्या शेजारी माझा नवरा श्वास रोखून माझ्याकडे बघत होता. इतका जवळ तो गेल्या दोन महिन्यांत नव्हता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. नाही म्हटलं तर तो गुडघा सरकणार, तो म्हणणार, चल, तुला घरी सोडतो, आणि पुन्हा थँक्यू सुरू होणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"हो," मी म्हटलं. "दिसतं."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं हसतोय, पण तो रडत होता. लग्नात नाही, वडील गेले तेव्हा नाही, मुलगी झाली तेव्हाही नाही. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मला आनंद झाला, खरंच झाला, इतक्या दिवसांनी तो माझ्यापाशी पाहुण्यासारखा वागत नव्हता. मग त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि भराभरा बोलायला लागला, कधी बोलत नाही इतकं. "मला किती भीती वाटत होती तुला सांगतो. त्या दिवशी तू डास म्हणालीस ना, मी म्हटलं संपलं. हिला नाही दिसत. आता मी एकटा हे घेऊन काय करू? रोज घरी यायचो, वाटायचं सांगावं, सांगायला काही नसायचं. तू गप्प, मी गप्प. तुझ्याकडे बघून वाटायचं, मी हिला फसवतोय." तो थांबला, माझा हात हातात घेतला. "मग दात तुटला त्या दिवशी ठरवलं. एकदा तुला विचारायचं. स्पष्ट. तू नाही म्हणालीस तर पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. सोडून द्यायचं. सोमवारपासून कामावर जायचं, पेटी उचलायची. तुझ्याशिवाय मला हे नको होतं गं. अगदी नक्की ठरवलं होतं."

माझा हात त्याच्या हातात तसाच होता. "आज डॉक्टरकडून निघालो तेव्हा मनात म्हटलं, आज शेवटचं बघून घेऊ," तो म्हणाला, "उद्या विचारू, ती नाही म्हणेल, झालं. आणि तूच आलीस!" तो हसला. तुटका दात, शेजारचे पिवळे दात, सगळे दात दाखवून हसला.

अजून वेळ गेली नव्हती. शब्द एकच होता आणि तो माझ्या जिभेवर येऊन थांबला होता. अरे, नाही दिसलं, खोटं बोलले मी, चल घरी. तो उठून माझ्याबरोबर आला असता, याबद्दल मला आजही शंका नाही. बसमध्ये खिडकीशी बसला असता, सोमवारी पेटी उचलली असती आणि पुन्हा कांदा जाड चिरला म्हणून बोलला असता. मला तेच हवं होतं. दुसरं काहीच नको होतं. मी तोंड उघडलं, आणि त्याने ते उघडं तोंड बघून विचारलं, "काय गं?" त्याचा चेहरा असा मोकळा होता की त्यावर हात उगारायचा म्हणजे… मला नाही जमलं. मी म्हटलं, "काही नाही."

"चल," तो उठला, मला हात दिला. "अजून आत आहे. तुला दाखवतो." मी हात धरून उठले. पायवाट अरुंद होती, तो पुढे झाला, मी मागे. तो पावलापावलाला थांबून, वळून विचारत होता, "हे बघितलंस? आणि हे?" आणि मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते.